शेवंतीचं चोपणां

गोवा मुक्त झाला त्यानंतर चार-पाच वर्षांनी शेवंती पेडण्याहून डिचोलीच्या एका कुंभाराघरी सून म्हणून आली. ट्रंकेत लुगड्यांखाली आईनं दिलेलं चोपणं होतं. चोपणं म्हणजे ओलं मडकं बाहेरून थोपटून घडवायची लाकडी फळी. आल्या आल्या तिनं सासूला विचारलं, "माय, माजां चोपणां खंय ठेवू?"

सासू देवकीच्या भुवया वर गेल्या. "चोपणां न्हय गो, चोपणें! ह्या घरांत मडक्याक मडकें म्हणटात, मडकां न्हय."

झालं! तिथून जी जुंपली ती जुंपलीच. देवकीचा हट्ट, की घराण्याचं चोपणं हातात हवं तर आधी त्याचं नाव नीट घे. आणि शेवंती? ती कसली ऐकतेय! "आवयन माजो हात धरून शिकयलां, तेव्हा चोपणांच म्हणालेली. नाव बदललां तर तिचो हात सुटतलो."

मग काय, ती जन्मभर आईच्याच चोपण्यानं थोपटत राहिली. पण काम म्हणाल तर अस्सं, की टिचकी मारली तर मडकं खणखणावं! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्याच्या बायका 'मडकां' मागायच्या, डिचोलीच्या 'मडकें', आणि दोन्हीकडच्या गर्दी करायच्या ती शेवंतीपुढेच. देवकीनं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण पाणी प्यायची ते सुनेच्या मडक्यातलंच. पुढे देवकी गेली. तिचं ते घराण्याचं चोपणं खुंटीवर राहिलं. आता अडवणारं कुणी नव्हतं, तरी शेवंतीनं त्याला हात लावला नाही. बाई शब्दाची पक्की!

मुलगा कृष्णनाथ पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवू लागला. शेवंतीचे सांधे धरले. आपल्यामागं भट्टी थंड होणार, या विचारानं तिला घास गोड लागेना. कृष्णनाथची बायको सुमंगला वास्कोची. बाप बंदरात कामाला, आणि बोलणं शाळेच्या पुस्तकातलं. ती कशाला मातीत बसेल?

पण एका सकाळी सुमंगला पदर खोचून समोर येऊन बसली. "आई, ते खुंटीवरचं चोपणं द्या ना. मला मडकं शिकायचंय."

"चोपणं न्हय गो, चोपणें!"

बोलून गेली आणि शेवंती थिजलीच. सासूपुढं मेली तरी जो शब्द उच्चारला नाही, तो आज सासूच्याच ठसक्यात तिच्या तोंडून निघाला होता! सुमंगलाचा चेहरा पडला. ती उठू लागली.

"अगे बाय माजे!" शेवंतीला हसूही आलं आणि रडूही. दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देत ती उठली, खुंटीवरचं चोपणं काढलं, पदरानं पुसलं आणि सुनेच्या मुठीत दिलं. त्या मुठीवर आपला हात ठेवला.

"बस. नाव तुका आवडात तां घे. हात तेवढो सोडू नको."