आईसाठी बांधलेली शेड

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत असताना मी घरामागे शेड बांधली. आई येणार होती, तिचे गुडघे दुखायचे. हिवाळ्यात तिला ऊन खात बसता यावं, एवढाच हेतू. पैसे बेताचे, म्हणून खांब कुणाच्या तरी कुंपणातले जुने आणि पत्रे टाकून दिलेले. फेब्रुवारीत एकट्याने खड्डे खणून खांब काँक्रीटमध्ये पक्के केले. शेडची पाठ शेजाऱ्याच्या उंच भिंतीला लावली आणि तोंड दक्षिणेला ठेवलं, कारण पुण्याला आमच्या गॅलरीत थंडीतलं ऊन दक्षिणेकडूनच यायचं. तेव्हा सूर्य डोक्यावर होता, चूक कळली नाही.

जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, आई आली आणि शेडमध्ये उन्हाचा कवडसासुद्धा येईना. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, हे शाळेत पाठ केलं होतं. सिव्हिल इंजिनिअर म्हणे! चिडून एक खांब हलवायला गेलो, तर तो तसूभरही हलला नाही. तेवढं काम मात्र चोख झालं होतं.

आई रोज शाल गुंडाळून त्या गारठ्यात बसायची. "छान बांधलीस रे," म्हणायची. महिन्याभरात गुडघे इतके धरले, की तिने परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं करायला सांगितलं.

"तुझ्या शेडमुळे नाही हं," ती म्हणाली.

मी विचारलंच नव्हतं.