गच्चीवरचे फुगे

नवघरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं नवं कोटिंग लावून पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच त्यावर पुरीसारखे फुगे आले. मी सेक्रेटरी. कारागिराने फसवलं, असं सगळ्यांना सांगून मी मोकळा झालो होतो.

दुरुस्तीला कुणीतरी उत्तनच्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना पाठवलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी चपला जिन्यात काढल्या आणि सकाळच्या उन्हात गच्चीभर अनवाणी फिरले. मग एका फुग्याशी उकिडवे बसून त्यांनी तो ब्लेडने चिरला. आतून पाणी आलं. ते त्यांनी बोटांत चोळून पाहिलं.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. "गच्ची धुतल्यावर किती दिवस सुकू दिली?"

"दुसऱ्याच दिवशी काम सुरू केलं," मी म्हणालो. "कारागीर थांबू या म्हणत होता, मीच घाई केली."

ते हसले. "मासली वरून सुकलेली दिसते, पोटात ओली असते. स्लॅबचं पन तसंच. त्याची चूक न्हाय."

फुगे कापून त्यांनी गच्ची आठवडाभर उन्हात तशीच ठेवली. रोज येऊन तळवा टेकवायचे, मान हलवायचे आणि परत जायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "आता लावू."

त्या रविवारी सभेत मी माझी चूक कबूल केली. मग आधीच्या कारागिराला फोन करून माफी मागितली.

"साहेब," तो म्हणाला, "असा फोन मला आजवर कुणीच केला नव्हता."