बेंदराची गाडी

कुपवाडला कामाला जाताना वाटेत एक गोठा लागतो. त्यात आता बैल नाहीत. तिथं एक साठीतला माणूस भंगारातून आणलेली, बॅटरीवर चालणारी जुनी मोटारगाडी दुरुस्त करत बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. स्कूटर थांबवून एवढंच विचारायचो, "चालली का?" तो पाना खाली ठेवायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर हळूच थाप मारायचा आणि म्हणायचा, "उद्या बघा. पैली फेरी तुमाला."

असं वर्ष गेलं. एका संध्याकाळी तो रस्त्यावरच येऊन ओरडला, "आवं, पळाली की! उद्या या!"

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बॉनेटवर झेंडूची माळ होती, दोन्ही आरशांना, बैलाच्या शिंगांना फासतात तसा, लाल हिंगूळ फासला होता, आणि हा घामाघूम होऊन गाडी ढकलत मारुतीच्या देवळाकडं निघाला होता.

"बंद पडली व्हय?"

"बंद कशानं पडंल? लय पळती. पण आज बेंदूर हाय, बैलांचा सण. आज जित्राबाला जुपत न्हाईत."

मीही बाह्या वर करून ढकलायला लागलो. पहिली फेरी मला मिळाली, पण पायी.

गोठ्यात परतल्यावर त्यानं पुरणपोळी आणली. गाडीपुढं क्षणभर धरली आणि सगळी माझ्या हातावर ठेवली.

"खावा. लय राबलासा."

आणि माझ्या पाठीवर हळूच थाप मारली.