सहा पट्ट्यांना कुंकू

मी एकदा पियानोची पूजा केली होती. हसा खुशाल, आता मीही हसते. हळद, ओलं कुंकू, अक्षता, वर झेंडूची माळ. पियानो दुसऱ्याचा, माळ माझी.

खंडेनवमी होती. आम्ही मखमलाबादकडची फुलं पिकवणारी माणसं. त्या दिवशी विळा, खुरपं, कुदळ, तागडी सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही, हा नेम. सासूबाईंनी घरची पूजा केली. उरलेली माळ मी पिशवीत घातली आणि गंगापूर रोडच्या बंगल्यावर कामाला गेले. चाळिशीला टेकलेली बाई, पोराचं मिसरूड फुटायला आलेलं, आणि अक्कल ही एवढी.

नव्वदीतली गोष्ट. बंगल्यात धुणं, भांडी, फरशी माझ्याकडे. दिवाणखान्यात तो पियानो, देवळालीच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातून आणलेला. बाईंची मुलगी सायली, दहा वर्षांची. दर शनिवारी तिला शिकवायला सर यायचे. वर्षभर एकच धून. जर्मनीकडच्या कुणा बहिऱ्या होत गेलेल्या माणसानं बांधलेली, आणि जगातली शिकाऊ पोरं म्हणे तिच्यावरच हात बसवतात. मला ती आधीच पाठ होती. साहेबांची मारुती मागं घेताना हीच वाजायची. मला वाटायचं, गाडीचं गाणं पोरीला का शिकवतायत? मोठ्यांच्या घरचं काय सांगावं.

पट्ट्या पुसायचं काम माझंच. कोरडं फडकं, हात हलका, आवाज होता कामा नये. पण एक दिवस माझं बोट एका पट्टीवर रेंगाळलं आणि सायलीनं ते पाहिलं. तिनं दाखवलं. पांढरी, शेजारची काळी, पांढरी, काळी, पांढरी, मग डावीकडे उतरायचं. सूर नऊ, पट्ट्या सहा. बाई भिशीला गेल्या की मी वाजवायचे. घरी परातीच्या काठावर बोटं चालायची. सासूबाई म्हणायच्या, सुनेच्या हाताला मुंग्या आल्यात.

नऊ सुरांपुढं मला काही येत नव्हतं. डावा हात तर नुसता मांडीवर. ऐट मात्र अशी, की जशी काही त्या जर्मनाची पुतणीच.

तर खंडेनवमी. दिवाणखान्यात कुणी नव्हतं. मी म्हटलं, ह्या घरातलं विद्येचं हत्यार हेच, ह्याची कुणी पूजा केली नाही. आपण करू. माळ घातली. आणि मला येत होत्या त्या सहा पट्ट्यांना बोटभर ओलं कुंकू लावलं. ते फटीतून आत उतरेल, हे काही सुचलं नाही. वर डोळे मिटून हात जोडले. अशी बावळट.

बाई आल्या त्या पाहुणे घेऊन. दोन जोडपी, जेवायला बोलावलेली. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाल्या, "ह्या लोकांचं बरं असतं. दिसला दगड की फासला शेंदूर."

सायली मला सावरायला गेली. म्हणाली, मावशींना वाजवता येतं ते. एका पाहुण्याच्या हातात सरबताचा ग्लास होता. तो म्हणाला, मग होऊन जाऊ दे. बाई म्हणाल्या, "वाजव गं."

आणि मी बसले.

मला लाज वाटते ती ह्याची. कुंकवाचं काय, पुसलं की गेलं. पण "वाजव गं" म्हटल्याबरोबर मी पदर खोचून त्या स्टुलावर बसले. आत कुठंतरी वाटलं होतं, ऐकतील आणि गप्प होतील. पांढरी, काळी, पांढरी, काळी. कुंकवानं चिकट झालेली काळी खाली गेली ती वर येईना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. तो पाहुणा बायकोला म्हणाला, "सरक, गाडी मागे येतेय."

हसले सगळे. सायलीपण. लहान होती, तिला काय दोष द्यायचा. पण हसली.

मीपण हसले. हे लपवणार नाही. तोंड पसरून हसले, त्यांना बरं वाटावं म्हणून.

मग बाईंनी फडकं आणून दिलं. वाळायच्या आत एकेक पट्टी पूस म्हणाल्या, आणि आजपासून ह्याच्या आसपास दिसायचं नाही. ते जेवायला बसले. मी फरशीवर गुडघे टेकून पट्ट्या पुसत होते. बासुंदीच्या वाट्या फिरत होत्या. कुणीतरी पुन्हा गाडीची नक्कल केली, पुन्हा हसणं.

पाच पट्ट्या झाल्या. सहावी ती काळी. फडकं लावलं आणि डोळ्यांपुढं घरचा पाट आला. आमचं खुरपं आज पाटावर बसलं होतं. त्याला आज कुणी कामाला लावत नव्हतं. लोखंडाचं खुरपं. आणि मी गुडघ्यांवर.

मी उठले. फडकं पियानोवर ठेवलं, माळ काढून घेतली. बाईंनी विचारलं, झालं का. मी म्हटलं, "ती एक तुम्ही पुसा."

एवढंच. लई मोठं भाषण सुचलं ते रस्त्यात, ऐकायला कुणी नसताना. आणि शूरपणा असा, की चपला मागच्या दारातच राहिल्या. अशोकस्तंभापर्यंत आल्यावर पाय भाजले तेव्हा कळलं. परत फिरले नाही. चपला त्यांनी पाठवल्या नाहीत, मी मागितल्या नाहीत.

पुढं मुलगा अंबडला कारखान्यात लागला. दोन हजार साल उलटल्यावर आम्ही इंदिरानगरला राहायला आलो. तिथं एका किराणा दुकानावर संगीताचा क्लास होता. मी जिना चढले. सरांनी माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, नातू कुठाय? म्हटलं, नातू खेळतोय, शिकायला मी आलेय. सात-आठ वर्षांची पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. मारा म्हटलं. ह्याहून वाईट हसणं ऐकून आलेय.

माझी बोटं खुरप्याची आणि फिनेलची. करंगळी ताणत नाही. सर चांगले होते, पण तेही शेवटी म्हणालेच, आजी, ह्या वयात उजवा हात पुरे, डाव्याचा हट्ट कशाला. मी म्हटलं, "अर्धं मी एकदा वाजवलंय, सर. आता अर्धं नको."

डाव्या हातानं वर्ष खाल्लं. मधला वेगाचा भाग आला की अजून घसरते. पण धून शेवटापर्यंत जाते. दोन्ही हातांनी. घरच्या की-बोर्डवर. तो मी घेतलाय, पूजेच्या फुलांच्या पुड्या विकून.

आमच्या इमारतीत एकाची गाडी अजून तीच धून वाजवत मागं येते. मी खिडकी उघडते आणि त्याच्याबरोबर सुरू करते. तो नऊ सुरांवरच घुटमळत राहतो, मी पुढं निघून जाते. बिचारा वर बघतो. म्हातारपणी एवढा चावटपणा चालतो.

पण पाहुण्यांसमोर मी वाजवत नाही. सूनबाई प्रेमानं म्हणते, आई, वाजवा ना. तिलाही नाही म्हणते. तिला वाईट वाटतं, वाटू दे. कुणी वाजव म्हटलं की मी स्टुलावर बसणार नाही. मरेपर्यंत नाही.

खंडेनवमीला मात्र की-बोर्ड पाटावर असतो. कुंकू कोरडं, तेही कडेला, पट्ट्यांपासून लांब. एवढं शहाणपण आलंय.

त्या दिवशी मी अनवाणी घरी पोचले, तेव्हा सासूबाई ओसरीवर फुलं निवडत बसल्या होत्या. रडत रडत मी सगळं सांगितलं. त्यांनी माझे पाय बघितले, हातातली माळ बघितली. जवळ घेतलं नाही, पाणीही विचारलं नाही. म्हणाल्या, "रडतीस कशाला? दुसऱ्याच्या हत्याराला कुंकू लावायला कुणी सांगितलं व्हतं? ज्याचं हत्यार त्यानं पुजावं. तुला पुजायचं हाय ना, मग आधी सोताचं आण."