आधी लगाम

दुपारचे अडीच वाजलेत. नाट्यगृहाच्या साउंड केबिनमध्ये कानांवर हेडफोन चढवून मी टेबलावर डोकं टेकवलं आहे. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे. लॅपटॉप आणि माइक चालूच ठेवलेत, कारण मधूनच होणारं ते ‘टक्’ मला पकडायचं आहे.

सात वाजता प्रयोग आहे. हेमांगी रंगमंचावर गाईल आणि तिचाच आवाज घुमून तिच्या कानातल्या इयरफोनमध्ये परत येईल. ही करामत माझ्याआधी इथला आवाज सांभाळणाऱ्या पद्माकरकाकांची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोन मांडायचे, ते तारांनी एकमेकांना जोडायचे, की माइकमधला आवाज त्यांतून फिरून, बदलून लगेच बाहेर. काका चैत्रात गेले. जिवंत असेपर्यंत त्यांनी मला त्या तारांना हात लावू दिला नाही. ते गेल्यावर मी शहाणपणा केला, तारा काढून पुन्हा सरळ जोडल्या. तेव्हापासून मधूनच टक् होतं, दर वेळी आधीपेक्षा मोठं. परवा तालमीत हेमांगीने कान दाबून धरला. मी हसून वेळ मारून नेली, त्याची मला लाज वाटते. आज ते तिच्या कानात फुटलं तर तो कान कायमचा जाईल.

माझाच श्वास माइकमधून फिरून कानात येतो. पुन्हा येतो. मग एक श्वास येतो, तो माझा नसतो.

काका शेजारच्या खुर्चीवर बसलेत. खिशात टेस्टर, दातांत पांढरी सुतळी. हातातली वायर गुंडाळताहेत, एक वेढा सरळ, एक उलटा, त्यांच्या सवयीप्रमाणे.

“आवरलंस व्हय?”

“गुंता झाला होता, काका.”

“गुंता न्हवता त्यो.”

मी पडद्याकडे बघते, तर आम्ही त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आहोत. फळ्यांवर रेडिओ नाहीत, माझे चौकोन मांडलेत. प्रत्येकातून दोन-दोन तारा निघून मागच्या अंधारात जातात.

“ह्यातली आधी कुठली जोडलीस?”

“आठवत नाही.”

“पडद्यावर दिसत न्हाई ते. जी आधी जोडली, तिच्यातनं आधी जातंय. क्रम समदा माझ्या डोक्यात हुता.” ते वायरीचा आणखी एक वेढा घेतात. “आन् डोकं तुम्ही जाळलंसा.”

पायांखाली पाणी लागतं. दुकान संपून घाटाच्या पायऱ्या सुरू झाल्यात आणि तारा त्यांवरून नदीत उतरल्यात. टक्. पाण्याखालून येतं, आणि आता ते लहान राहिलेलं नाही.

“आधी लगाम,” काका म्हणतात, “मग आवाज.”

लगाम म्हणजे आवाज दाबून धरणारा त्यांचा चौकोन. मला आता आठवतं. मी आवाजाची तार आधी जोडली, लगामाची नंतर. म्हणजे दर फेरीला क्षणभर आवाज मोकाट सुटतो.

“चुकलं माझं, काका.”

“ऱ्हाऊ दे. हिकडं सरक. कान दाव.”

या कानांवर माझं सगळं चाललंय. मी मागे सरकते.

“कान नको, काका.”

“शर्वरी, येळ न्हाई.”

मागे पायरीच नाही. त्यांचे थंडगार हात दोन्ही बाजूंनी येतात. मी ओरडते, तर ओरडणं फिरून माझ्यावरच येतं, दुप्पट होऊन. ते दोन्हीकडून घट्ट धरतात आणि ओढतात.

मी दचकून जागी होते. कान चाचपते, आहेत. हेडफोन नाहीत. ते टेबलाच्या पार त्या टोकाला पडलेत आणि किंचाळताहेत. इतक्या लांबूनही ऐकवत नाही. पडद्यावरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी वरपर्यंत लाल झाली आहे. मी आवाज बंद करते. दोन तारा काढते. आधी लगामाची जोडते, मग आवाजाची.

तपासायला हेडफोन उचलते. त्यांची लांब वायर गुंडाळलेली आहे, एक वेढा सरळ, एक उलटा, मधोमध पांढऱ्या सुतळीची गाठ. या केबिनमध्ये सुतळी नाही.

गाठ न सोडता मी हेडफोन पुन्हा चढवते आणि आवाज सुरू करते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. टक् होत नाही. कानात श्वास येतात, विरतात. मी एकेक नीट ऐकते आणि मला रडू येतं. सगळे माझेच आहेत.