टेबलावर बोलणारा, गाडीत मुका रेडिओ

तिसऱ्या खेपेलाही रेडिओ गाडीत बोलला नाही.

गाडी इंदुरीच्या आबांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. नुकताच नवा रंग दिलेली. रेडिओही तितकाच जुना, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. माझ्या टेबलावर तो छान वाजायचा. गाडीत बसवला की साधा दिवाही लागत नव्हता.

"पोरी, घरात बोलतो आन चारचौघांत मुका. ह्यो काय माझा जावई हाय का?" आबा म्हणाले.

मी हसलेही नाही. लोकांसमोर मला शब्द सुचत नाहीत.

लोणावळ्यातलं हे दुकान भाऊंचं. ते हळूच म्हणाले, "आज नाही झालं तर पुण्याला पाठवू. तू परत पंख्यांचं वायंडिंग बघ."

मला पंखे नको होते. रेडिओच हवे होते.

फ्यूज बदलला. वायर तपासली, करंट येत होता. मग अडतंय कुठं? डोकं चालेना. पुन्हा काढावा म्हणून स्क्रू सोडले आणि वायर न काढताच रेडिओ खाली ओढला. मागचा स्क्रू स्टीअरिंगच्या उघड्या दांड्याला घासला. दिवा लागला. हात हलला, विझला.

"भुताटकी!" आबा म्हणाले.

मी पुन्हा टेकवला. पुन्हा लागला.

रेडिओला गाडीत करंटची एकच वायर येते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. टेबलावर मी बॅटरीच्या परतीच्या वायरचा काळा चिमटा मागच्या उघड्या स्क्रूला लावायचे. गाडीत पत्र्याला पत्रा टेकायला हवा. पण नवा दिसावा म्हणून मी रेडिओचा डबा रंगवला होता. तो बसायची पट्टीही गाडीबरोबर रंगलेली. एरियलच्या बुडातून वाट मिळाली असती, पण तेसुद्धा रंगावरच. रंगातून करंट जात नाही.

मी ब्लेड घेतलं आणि पट्टी खरवडू लागले.

"आरं, रंग! भाऊ, ही काय करतीया बघा!"

"काय करतेयस?" भाऊ ओरडले.

मी हात थांबवला नाही. स्क्रू जातात ते डब्याचे कानही खरवडले, स्क्रू आवळले, बटण फिरवलं. दिवा लागला. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ गेला. मग खरखर, आणि कांद्याचे बाजारभाव.

आबांनी आवाज एवढा वाढवला, की रेडिओ पहिल्या खेपेपासून ठीकच होता, नडला तो माझा रंग, हे त्यांना सांगायचं राहिलं. भाऊंना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी त्यांच्या पेंटरनं रंगवलेली. अर्धी चूक त्याची."

अर्धी माझी. आता डबा रंगवण्याआधी कानांना चिकटपट्टी लावते.