लाल बाजू वर

गल्लीत त्याला सगळे 'वारामोज्या' म्हणायचे. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण त्यानं ते पदकासारखं छातीवर लावून घेतलं. न्हावी विचारायचा, "काय वारामोज्या, आज किती किलो वारा भरला?" हा टॉवेलातून मान वर काढून सांगायचा, "सेकंदाला वीस वेळा मोजतो आम्ही. तुझी कात्री एकदा चालते ना, तेवढ्यात माझ्या यंत्राचं वीसदा मोजून होतं."

आम्ही म्हणजे तो आणि मनोरा. शहर संपतं तिथं कुंपण घातलेला एक गवताळ माळ आहे. त्याच्या मधोमध बत्तीस मीटर उंचीचा लोखंडी सांगाडा. मांस झडून गेलेल्या एखाद्या प्राण्यासारखा तो उभा असतो आणि वारा त्याच्या फासळ्यांतून आरपार जातो. एकोणीस वर्षं वारामोज्या रोज सकाळी पट्टा कमरेला आवळून वर चढत होता. उन्हाची मोजणी करणाऱ्या यंत्राच्या काचेच्या घुमटांवरचं दव आणि पक्ष्यांची घाण मऊ फडक्यानं पुसत होता. शिकला होता दहावीपर्यंत. पण कॉलेजची मुलं मनोरा बघायला आली की प्राध्यापक बाजूला व्हायचे आणि हा पुढे.

"सूर्य जमिनीला रोज देतो," तो सांगायचा. "जमीन त्यातलं थोडं तसंच परत फेकते. थोड्यानं हवा तापते, थोड्यानं पाण्याची वाफ होऊन वर जाते. आणि राहिलेलं ती गुपचूप पोटात ठेवते. आलेलं कुठंकुठं गेलं, ते शोधायचं. एवढंच काम. पण सोपं नाही!"

पोटातलं मोजायला मातीत चार बोटं खोल चार तबकड्या पुरलेल्या होत्या. बिस्किटाएवढ्या. एक बाजू लाल, एक निळी. लाल बाजू वर ठेवायची. चौघींच्या तारा एकत्र जोडल्या होत्या, त्यामुळे संगणकावर आकडा एकच जायचा, चौघींची सरासरी.

आणि त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही दिवस वाया गेलेला नाही." ते तो पाहुण्यांना सांगायचा, न्हाव्याला सांगायचा, जेवताना बायकोला सांगायचा. मनोऱ्यासारखंच ते वाक्यही उभं होतं आणि तोच त्याला रोज पुसून लख्ख ठेवत होता.

त्या दुपारी मनोऱ्याचे आकडे तपासणाऱ्या संस्थेतून मॅडम आल्या. वय त्याच्या मुलीएवढं, डोळ्यांत झोप कमी. पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली त्यांनी लॅपटॉप उघडला.

"काका, हे बघा. आठ महिन्यांपासून तुमची जमीन निम्मंच ऊन पितेय."

"निम्मं?"

"अगदी निम्मं. त्याआधी सगळं ठीक. एकोणीस वर्षांतला सगळ्यात कोरडा काळ नेमका यात आहे. पण जमिनीचा आकडा चुकलाय म्हटल्यावर बाकीच्यांचा मेळ बसत नाही. तार कुजली असेल. सर म्हणाले, ते आठ महिने गाळून टाका."

"गाळून?"

"वगळायचे. तुमचा काही दोष नाही हो काका, तार कुणाची कुजत नाही? उद्या दुपारी निघते मी, तोवर अहवाल पाठवायचाय."

तो बाहेर आला, चपला काढल्या आणि मातीवर उभा राहिला. तळवे पोळले. माती होती तशीच होती.

संध्याकाळी घरी बायको शिवणयंत्रावर वाकली होती. तो शेजारच्या स्टुलावर बसला, हातात चहा, आणि चहावर साय धरली तरी पिईना.

"काय झालं? मनोरा पडला का?"

"तार कुजली तर आकडा वेड्यासारखा नाचतो गं. कधी वर, कधी खाली. नेमका निम्मा कसा होईल?"

"मला काय विचारता? मी काय वारा शिवते?"

त्यानं कपाटावरच्या खडूनं फरशीवर चार रेघा ओढल्या. सगळ्या खाली जाणाऱ्या. मग एक पुसली आणि तिच्या जागी वर जाणारी काढली, तबकडी उलटी बसली तर आकडा उणे येतो तशी. तीन खाली, एक वर. एकीनं एक खाल्ली, उरल्या दोन. चाराच्या जागी दोन.

त्याच्या हातातला खडू तसाच राहिला.

आठ महिन्यांपूर्वी एक तबकडी बदलायची होती. त्या दिवशी कॉलेजची तीस-चाळीस मुलं भोवती होती. कुणीतरी म्हणालं, अवघड असेल ना? आणि हा म्हणाला, "अवघड? डोळे मिटून लावतो!" नुसता म्हणाला नाही. खरंच डोळे मिटले, खड्ड्यात हात घातला, तबकडी बसवली, माती थापटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हा उठला आणि नटासारखा वाकला.

बायकोला सगळं सांगून झाल्यावर ती आधी हसली. यंत्र थांबवून, पोट धरून हसली. मग त्याचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं.

"नक्की उलटीच आहे?"

"उकरल्याशिवाय कसं सांगू?"

"आणि असली तर?"

त्यानं फरशीवरची उलटी रेघ अंगठ्यानं पुसली.

"मागे मी त्या मास्तरीणबाईंच्या झग्याला बाही उलटी लावली होती," ती दोरा दातानं तोडत म्हणाली. "तेव्हा काय कापड कुजलं म्हणाले होते का मी?"

"तुझं वेगळं. तू कधी म्हणत नाहीस की माझ्या हातून एकही बाही चुकली नाही."

"म्हणूनच निभावलं," ती म्हणाली आणि पुन्हा यंत्र चालू केलं.

सकाळी ऊन कोवळं असतानाच तो माळावर पोचला. गवताचा चौकोन जपून बाजूला केला आणि बोटांनी माती उकरली. खुरपं वापरलं नाही. चार बोटं खाली नखाला गुळगुळीत काही लागलं. फुंकर मारली.

निळी.

तो गुडघ्यांवर तसाच राहिला. मनोऱ्यावर यंत्र आपल्या तालात वारा मोजत होतं. कुंपणापाशी कुणी नव्हतं, खोलीला कुलूप होतं. मनगटाचा एक हिसका, बस्स. तबकडी सरळ होईल, उद्यापासून आकडे बरोबर येतील, आठ महिन्यांचं खापर तारेवर फुटेल. ते वाक्य मरेपर्यंत उभं राहील. हात खड्ड्यात गेलासुद्धा. बोटं तबकडीच्या कडेला टेकली.

आणि त्याला दिसला तो कोरडा उन्हाळा. गवत तांबूस होऊन मुळापासून मोडत होतं तेव्हा तो रोज वर चढला होता. लोखंड इतकं तापायचं की हातमोज्यातून चटका बसायचा. जमीन त्या दिवसांत काय सोसत होती, त्याची साक्ष या मातीतल्या चौघींनी दिली होती. तिघी खरं बोलल्या होत्या. चौथीही खरंच बोलत होती, फक्त डोक्यावर उभी राहून. तिला सरळ केलं तर ती उलटी होती हे पुन्हा कुणाला कधीच कळणार नव्हतं आणि तो उन्हाळा गाळला जाणार होता.

त्यानं हात काढून घेतला. खड्ड्यावर टोपी धरली, फोन लावला आणि म्हणाला, "मॅडम, निघायच्या आधी इकडे या. आणि तो अहवाल पाठवू नका."

दीड तास तो खड्ड्याशेजारी बसून होता, टोपीनं सावली धरून, कुणा आजाऱ्याला राखत असल्यासारखा.

मॅडम आल्या, वाकून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडातून "अरे देवा" निघालं.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "जशी होती तशी आहे. फोटो काढा. बसवली मीच, तारीख वहीत आहे. पोरांपुढे डोळे मिटून बसवली. तीन वजा एक, दोन. सगळे आकडे दुप्पट करा, तुमचा मेळ बसेल."

त्यांनी ओठ हलवत मनात हिशोब जुळवला. "चौघी अगदी सारख्या नसतात काका. आता हिला सरळ करू, पंधरा दिवस आकडे घेऊ, म्हणजे दुरुस्ती किती ते नेमकं कळेल. पण हो... बसेल. आठही महिने वाचतात." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही गुपचूप सरळ करू शकला असता."

"करू शकलो असतो," तो म्हणाला. "काढा फोटो लवकर, माती वाळतेय."

पंधरा दिवसांनी दुरुस्ती झाली. अहवालात त्याच्या चुकीची एक ओळ आली, तारखेसकट, आणि ती त्यानं स्वतः मॅडमकडून वाचून घेतली. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की त्या कोरड्या काळातला एकही दिवस वाया गेला नाही.

बायकोनं तो कागद शिवणयंत्राच्या खणात ठेवला. न्हाव्यानं विचारलंच, "काय वारामोज्या, तबकडी उलटी ठेवलीस म्हणे?"

"ठेवली," तो टॉवेलातून मान वर काढून म्हणाला. "आणि मीच शोधली. तू आजवर कापलेला कान कधी कबूल केलास का?"

पुढच्या खेपेला कॉलेजची मुलं आली तेव्हा तो मनोऱ्याकडे गेलाच नाही. सरळ त्या गवताच्या चौकोनापाशी सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं.

"डोळे उघडे ठेवा," तो म्हणाला. "आता मी तुम्हाला माझी सगळ्यात मोठी चूक दाखवतो."